हेडलाईटची काच तीन महिन्यांत पुन्हा पिवळी, काय चुकलं?

कुळागर | १० ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, गाडी २०१० ची स्विफ्ट, पासिंग फोंड्याचं. बाबांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. हेडलाईटच्या काचा (काच आपली म्हणायची, आहे प्लास्टिकच) इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की शेजारचा पोरगा म्हणाला, "दादा, पिवळे लाईट मुद्दाम लावलेत का?"

मे महिन्यात व्हिडिओ बघून स्वतःच कामाला लागलो. १००० चा वॉटर पेपर (आकडा मोठा तितका कागद बारीक), मग १५००, मग २०००, त्यावर रबिंग कंपाउंड आणि ड्रिलला स्पंज लावून बफिंग. अख्खी सकाळ गेली, पण काच अशी लख्ख झाली की बल्बवरची अक्षरं वाचता यावीत. घरच्यांना बोलावून दाखवली, फोटो काढले, दोन मित्रांना फुकट सल्लेही दिले.

आज परत बघतोय तर दुधाळ थर, त्याखाली पिवळी झाक. उजव्या बाजूला जास्त. चवथ तोंडावर आलीय, पावणे येतील, पण खरी काळजी वेगळी आहे. डिसेंबरात गाडीला १५ वर्षं पुरी होतात, रजिस्ट्रेशन नवं करायचंय. इन्स्पेक्टर हे डोळे बघून काय म्हणेल? माझं नक्की कुठे चुकलं? पुन्हा घासू का?

दुपारची झोप | १० ऑगस्ट, रात्री १०:०५

टूथपेस्ट. पांढरी, जेलवाली नको. जुन्या ब्रशने पाच मिनिटं घासायची, पाण्याने धुवायची, झालं. आमच्या सँट्रोला मी दर चतुर्थीला दात घासून देतो.

कुळागर | १० ऑगस्ट, रात्री १०:११

आणि दिवाळीपर्यंत टिकतं का?

दुपारची झोप | १० ऑगस्ट, रात्री १०:१४

विसर्जनापर्यंत. दीड दिवसाच्या. :)

मांडवीपार | ११ ऑगस्ट, सकाळी ७:२०

कुळागर, तुझं घासणं चुकलेलं नाही. तू काम अर्ध्यावर सोडलंस, आणि ते अर्धवट आहे हे दिसत नाही म्हणून सगळेच तिथे फसतात.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. दगड लागला तरी फुटत नाही, वजनाला हलकं, हवा तसा आकार देता येतो, म्हणून गाड्यांनी काच सोडून ते घेतलं. अमेरिकेत १९८३ साली त्याला परवानगी मिळाली, आपल्याकडे बऱ्याच नंतर आलं. त्याची एक खोड आहे. उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. वरच्या थरातल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची प्रक्रिया होते आणि पिवळी रंगद्रव्यं तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉनचा कडक, पारदर्शक लेप चढवतात. आठ-दहा वर्षं किरण अडवायचं काम तो लेप करतो. तो जागोजागी उडायला लागला की काच आधी डागाळते, मग पिवळी पडते.

तुझ्या गाडीचा लेप आधीच मरायला टेकला होता. मे महिन्यात उरलासुरला तू खरवडून काढलास आणि उघडं प्लास्टिक चकचकीत करून उन्हात उभं केलंस. कातडी सोललेल्या माणसाला मिरामारच्या वाळूत झोपवण्यासारखं झालं ते. मध्ये जून-जुलैचे ढग होते म्हणून तीन महिने तरी निघाले.

उजवी बाजू जास्त का, याचं उत्तर तुझ्या अंगणात असेल. गाडीचं तोंड कुठे असतं?

कुळागर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०२

अंगणात दक्षिणेकडे तोंड. डावीकडे घर, उजवीकडे मोकळं. दुपारी दोननंतरचं सगळं ऊन उजव्याच दिव्यावर. कमाल आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही.

सत्तरीवाला | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

या कटकटीत न पडता सरळ १००/९० वॅटचा बल्ब टाका. मी वाळपईहून रात्री येतो, रस्त्यावर गवे असतात, उजेड पाहिजेच.

गंज | ११ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सत्तरीवाले बाब, आजार म्हशीला आणि औषध पखालीला. एच४ चं (आपल्या हेडलाईटमधला बल्ब) कंपनीचं माप ६०/५५ वॅट, हायला ६०, लोला ५५. वायरिंग, होल्डर, मागचा रिफ्लेक्टर सगळं त्या मापाने केलेलं असतं. १०० वॅट घातलात की आधी होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग रिफ्लेक्टरची चांदी करपते. एकदा चांदी गेली की बाहेरून काच हिऱ्यासारखी केलीत तरी उजेड मेलेलाच. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत जातं ते वेगळं, आणि कायद्यात बसत नाही ते तिसरं. तुमचा दिवा उघडून मागे एकदा बघाच.

मी २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात काढली, आता हात थरथरतात म्हणून सोडलं. कुळागरसाठी सविस्तर लिहितो, पण संध्याकाळी. आत्ता बाजार.

सत्तरीवाला | ११ ऑगस्ट, सकाळी ११:४८

बघितला. होल्डर तपकिरी आहे. काही बोलत नाही.

रापण | ११ ऑगस्ट, दुपारी १:३०

माझा अनुभव कुणाला उपयोगी पडला तर. गेल्या वर्षी एका दुकानात 'वाफेची ट्रीटमेंट' केली. नाव घेत नाही. किटलीसारखा छोटा कप, त्यात कसलंसं द्रव तापवतात आणि नळीतून वाफ काचेवर फिरवतात. समोरासमोर जादू! पाच मिनिटांत आरपार. पोराच्या तोंडावर मास्कही नव्हता आणि वास असा की माझं डोकं संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

सहा महिन्यांनी काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत, म्हणजे चिरा पोटात. एका पेंटरकडे नेली तर त्याने हात जोडले. शेवटी दिवाच बदलला.

मांडवीपार | ११ ऑगस्ट, दुपारी २:१०

त्या कपात बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असतं. दोन्ही पॉलिकार्बोनेट विरघळवतात. वरचा थर वितळून सपाट होतो म्हणून आरपार दिसतं, पण प्लास्टिकमध्ये ताण राहून जातो आणि चिरा त्यातून येतात. डायक्लोरोमिथेन ४० अंशांवर उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात त्याला किटलीचीही फारशी गरज नाही. श्वासातून गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. तुझं डोकं उगाच नाही दुखलं. त्या पोराचं रोज काय होत असेल!

डास पळवायच्या स्प्रेने काच चमकते असे व्हिडिओही फिरतात. तोही तसलाच प्रकार. त्यातलं डीईईटी प्लास्टिक मऊ करतं. ॲसिटोन आणि थिनर तर काचेजवळही नेऊ नका.

गंज | ११ ऑगस्ट, रात्री ८:५०

हं, आता बसलो.

आधी दिव्यावर पाणी मार. ओली असताना काच आरपार दिसली तर रोग बाहेरचा, हाताने बरा होणारा. ओली करूनही धुरकटच राहिली तर रोग आतला, मग कितीही घास. मी गिऱ्हाइकाशी पैसे ठरवायच्या आधी हेच करायचो. नाहीतर काम झाल्यावर भांडण ठरलेलं.

बाहेरचा असेल तर १००० ने सुरुवात करू नकोस, तू तिथे थोडा घाबरलास. जुना लेप पूर्ण निघत नाही, कडांना राहतो, आणि नवं क्लिअर (जुन्या लेपाच्या जागी मारायचा पारदर्शक लेप) मारल्यावर नकाशासारखा उठून दिसतो. ४०० ने सुरुवात कर. कागद अर्धा तास पाण्यात भिजत ठेव, पाण्यात शांपूचा एक थेंब. सगळीकडे सारखं घास, एकाच जागी जोर नको. आधी निघणारा राडा पिवळट असतो. तो पांढरा यायला लागला की समज जुना लेप गेला. हीच खूण, घड्याळ बघायचं नाही. मग ६००, मग ८००. प्रत्येक वेळी दिशा बदल, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

आता जिथे सगळे चुकतात ते. २के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं) मारणार असशील तर ८०० वर, फार तर १००० वर थांब. पॉलिश करायची नाही! काच तेव्हा दह्यासारखी पांढरी दिसते, पोटात गोळा येतो, हात आपोआप कंपाउंडकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. क्लिअरला धरायला खरबरीतपणा लागतो. आरशासारख्या पॉलिशवर मारलंस तर पहिल्याच प्रेशर वॉशिंगला साल निघेल. बारीक ओरखडे क्लिअर स्वतःच भरतं.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, थिनर नाही. टेपच्या दोन पट्ट्या एकावर एक लाव, पहिली पेपरच्या कडेने फाटतेच. पहिला हात अगदी हलका, शिंतोडल्यासारखा. दहा मिनिटं थांबून दुसरा ओला हात.

आणि हे सगळं आत्ता करायचं नाही. २के च्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशी खेळतं. ऑगस्टमध्ये मारशील तर आत बारीक बुडबुडे, वर धुकं. मी पावसाळ्यात दिव्याची कामं घ्यायचोच नाही. दिवाळीनंतर कोरडा दिवस बघ, दहा वाजता दव उडाल्यावर.

हेच हार्डनर फुप्फुसाला वाईट. कापडी मास्क म्हणजे देवाला नमस्कार केल्यासारखं. कार्बनच्या डब्यांचा मास्क असेल तरच स्वतः मार. नसेल तर घासून तयार केलेली गाडी ओळखीच्या पेंटरकडे ने, ज्या दिवशी तो कुणाचातरी बंपर मारणार असेल त्या दिवशी. त्याच्या स्प्रे गनमध्ये शेवटी उरतं तेवढ्यात तुझे दोन दिवे होतात. चहापाण्यावर काम होतं.

माटोळी | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

गंजकाका, पाण्याची खूण आत्ताच करून बघितली. माझ्या आल्टोची डावी काच ओली केली तरी धुरकटच! म्हणजे रोग आतला? मी दर पंधरा दिवसांनी चोर्ला घाटातून बेळगावला जाते. घाटात धुकं, आणि दिव्याच्या पोटातही धुकं. मध्ये बल्ब बदलला होता, त्यानंतर सुरू झालंय असं आता आठवतंय.

गंज | ११ ऑगस्ट, रात्री ९:४५

ताई, बल्ब बदलणाऱ्याने मागची रबरी टोपी नीट बसवली नसणार. बॉनेट उघडा, होल्डर काढा आणि टोपीची ओठं सगळीकडून आत बसलीत का ते बोट फिरवून बघा. त्यावर 'टॉप' लिहिलेलं असतं, ते वर हवं.

थोडं दव धरणं आणि पाणी साचणं यांत फरक आहे. दिवा २० मिनिटं पेटल्यावर दव उडून गेलं तर काळजी नको. दिव्याला श्वास घ्यायला बारीक नळ्या असतात, त्यातून दमट हवा जाते-येते. तळाला पाणी हलताना दिसलं तर सील गेलं. मग दिवा काढून, तापवून, काच सोडवून नवं ब्युटाइल (काच चिकटवायचं रबरी सील) घालावं लागतं. ते घरी करू नका. आणि कुणी म्हणालं की खालून एक भोक पाडतो, पाणी निघून जाईल, तर गाडी घेऊन निघा. पाणी जातं, मग लाल धूळ येते.

माटोळी | १२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

टोपी उलटी होती! 'टॉप' खाली. काढून दिवा अर्धा दिवस हेअर ड्रायरच्या थंड हवेवर ठेवला, टोपी सुलट बसवली. अजून पूर्ण स्वच्छ नाही, पण पलीकडचं दिसतंय. ज्याने बल्ब बदलला त्याने ३०० रुपये घेतले होते, असो.

तिठ्यावरचा | १२ ऑगस्ट, दुपारी ४:००

एवढ्या उपद्व्यापापेक्षा नवे दिवे का नाही घालत?

रापण | १२ ऑगस्ट, दुपारी ४:३५

घातले ना, मीच घातले. कंपनीचे परवडले नाहीत म्हणून बाजारातले घेतले. वर्षभरातच कडेने पिवळे व्हायला लागलेत. लेप पातळ असणार. उजेडाची रेघही कंपनीच्या दिव्यासारखी स्वच्छ कापलेली नाही, समोरचे डिपर मारतात. मूळचा दिवा शाबूत असेल तर तोच जपा.

तिठ्यावरचा | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

आमच्या आजोबांच्या पद्मिनीचे दिवे अजून पांढरेशुभ्र आहेत. गाडी कोंबड्या वापरतात, पण दिवे नवे.

मांडवीपार | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

त्या खऱ्या काचा. काच पिवळी पडत नाही, फुटते. कोंबड्यांना त्याचा काही त्रास नाही.

रजिस्ट्रेशनचं राहिलंच. कुळागर, खाजगी गाडीचं १५ वर्षांचं असतं, मग ५-५ वर्षांनी वाढवायचं. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत. म्हणजे तुला ऑक्टोबरपासून. १ एप्रिल २०२२ ला त्याची मोटारीची फी ५००० रुपये झाली. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि दिवे बघतातच. दिवाळीनंतर काम केलंस तर वेळेत बसतंय.

कुळागर | १० नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. काल केलं!

मागचा सगळा महिना आभाळाकडे बघण्यात गेला. काल एकदाचं कोरडं ऊन मिळालं. आमच्या गाडीत बंपर उतरवल्याशिवाय दिवा निघत नाही, म्हणून जागेवरच घासलं. ४०० लावल्यावर पहिली दहा मिनिटं बंपरवरून हळदीच्या पाण्यासारखे ओघळ उतरत होते. मग हळूहळू ताकासारखे. गंजकाका, तुमची ती पांढऱ्याची खूण लाख मोलाची, नाहीतर मी आधीच थांबलो असतो. वरच्या कडेला बोनेटच्या फटीजवळ बोटभर पट्टी राहिली होती. तिथे जुना लेप असा घट्ट की नखाला त्याची पायरी लागायची. तिथे ऊन पोचतच नाही ना! त्या बोटभराला उरलेल्या अख्ख्या दिव्याइतका वेळ लागला.

८०० झाल्यावर दोन्ही दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे. नेमकी आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली. बघून म्हणाली, "हें कितें केलें रे तुवें?" मी धीराचा आव आणून पाण्याचा मग ओतला. दिवे क्षणभर आरपार, मग सुकले की परत मोतीबिंदू. तिने दोनदा ओतायला लावलं आणि काही न बोलता आत गेली. मला वाटतं बाबांना सांगायला.

मास्क नव्हता म्हणून गाडी तशीच पेंटरकडे नेली, त्याचा एका टॅक्सीचा दरवाजा मारायचा चालला होता. त्याने आधी मलाच झापलं, "पॉलिश न करता आणलीस?" मी म्हटलं, मारून तर बघा. पहिल्या हलक्या हाताला काही फरक नाही. दुसरा ओला हात गेला आणि डावीकडून उजवीकडे गन सरकेल तसतशी काच उघडत गेली. मी पाहिलेल्यांत सगळ्यात समाधानाचे दहा सेकंद असतील ते. पेंटरही "आं" म्हणाला.

एक चूक झाली. घरी येताना घाई केली, रस्त्यात एक चिलट उजव्या दिव्यावर चिकटलं. कायमचं.

गंज | १० नोव्हेंबर, रात्री ८:४०

चिलट राहू दे, सही समज. आठवडाभर प्रेशर वॉशिंग नको, आणि लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसायची नाही, आधी पाणी. माझ्या हातच्या दिव्यांनी दोन-तीन पावसाळे सहज काढले. उन्हात उभी करतोस तिथे उजव्या दिव्यावर एखादं गोणपाट टाकलंस तर आणखी जाईल.

सत्तरीवाला | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

मी परत ६०/५५ वर आलो. होल्डर नवा टाकला, बॅटरीपासून वेगळी वायर आणि रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारा स्विच) घातला. आधी बल्बला पूर्ण व्होल्टेजच पोचत नव्हतं. आता त्याच ६० वॅटचा उजेड १०० पेक्षा बरा पडतो. गवे मात्र तेवढेच आहेत.

कुळागर | २६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

गाडी दाखवून आलो. इन्स्पेक्टरने लो-हाय दोन्ही लावून बघितलं, इंडिकेटर बघितले, हॉर्न वाजवायला लावला. दिव्यांबद्दल अक्षर काढलं नाही. म्हटलं, निदान कौतुक तरी! मागची नंबरप्लेट मात्र सैल आहे म्हणाला, ती जागेवर घट्ट करून दिली.

दुपारची झोप | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

अभिनंदन. माझ्या हेल्मेटची काच अशीच धुरकट आहे, ८०० ने घासू का?

गंज | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०५

नको. दिव्यातून उजेड बाहेर पडतो, थोडा वाकडा गेला तर चालतो. हेल्मेटमधून तुम्ही बघता. हाताने घासलेली काच कुठे जाड कुठे पातळ होते, रात्री समोरच्याचा एक दिवा दोन दिसतील. ती बदला, दिव्याएवढी महाग नसते.

दुपारची झोप | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०९

टूथपेस्टने?

गंज | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

झोपा तुम्ही.

कुळागर, मे संपला की त्याच जागेवरून, त्याच वेळी उजव्या दिव्याचा फोटो टाक. चिलटासकट.